विचारावे कोणाला?

मालेगावच्या यंत्रमागावरची साडी गिऱ्हाईक का नाकारते, हे समजून घ्यायचे आहे. चिठ्ठ्या टाकून माणसे निवडायची, तर सर्वांची यादी हवी. ती बाजारात कोणाकडेच नसते. तेव्हा व्यापारी बांधवांनी पुढील पद्धती पाहाव्यात.

सोयीची निवड : दुकानात येईल त्याला विचारणे. खर्च कमी, पण यायचे थांबले त्यांचे म्हणणे कळत नाही.

हेतुपूर्वक निवड : विणकर, ठोक व्यापारी, फेरीवाला आणि तुटलेले गिऱ्हाईक वेचून विचारणे. कारण शोधायला हीच बरी.

साखळी निवड : घरी बसून गोंडे बांधणाऱ्या भगिनी एकमेकींची नावे सांगतात. मात्र सुरुवात दोन-तीन मोहल्ल्यांतून करावी; नाहीतर एकाच गोतावळ्याचे मत हाती येते.

थांबावे केव्हा? नवे काही ऐकू येईनासे झाले की. ग्लेझर व स्ट्रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये अशाच अर्थाची कसोटी मांडली.

लक्षात ठेवावे, यातून 'का' कळते, 'किती' नाही. पंधरांपैकी दहा जण तसे बोलले म्हणून दोन-तृतीयांश बाजार तसाच, असा हिशेब करून सूत भरले, तर भांडवल अडकते.