नाव टाकण्याआधी

आमच्या सिंदी (रेल्वे) गावात आणि आसपासच्या खेड्यांत तेरवीला भांडं वाटायची रीत अजून टिकून आहे. स्टीलचं ताट, डबा, ऐपत असली तर पितळेचा गडवा, आणि त्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. ही भांडी पुढं कितीतरी वर्षं घरोघरी वापरात राहतात. ज्यांनी त्या माणसाला कधी पाहिलंही नाही, अशा नातसुना त्याचं नाव रोज घासतात. म्हणून नावं टाकण्याच्या कामात हयगय झालेली मला बघवत नाही.

मी घरी बनवलेल्या हिऱ्याच्या टोकाच्या हत्यारानं, टेबलावर मावणाऱ्या छोट्या सीएनसी यंत्रावर नावं टाकतो. तान्ह्या पोळ्याला आमच्या गावात मोठमोठे लाकडी नंदी निघतात, त्यांच्या पितळी पाट्या, शाळेच्या ढाली, तेरवीची ताटं. असं हत्यार आपणही करावं म्हणून पोरं विचारायला येतात. त्यांना पहिल्यांदा मी हत्याराचं काही सांगत नाही. एका ताटाची हकीकत सांगतो.

एक कुटुंब नावं दुसरीकडून टाकून आणलेली ताटं घेऊन माझ्याकडं आलं. 'स्मरणार्थ'मधला रफार 'थ'च्या डोक्यावर चढलाच नव्हता; 'र'चा पाय मोडलेला आणि 'थ' बाजूला सुटा उभा. वडिलांच्या नावातली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती मागं गेली होती. मुलगा म्हणाला, "भाऊ, एवढं मिटवून द्या ना." ताटाचा पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. बफ मारला तर तेवढ्या जागी वेगळाच चट्टा दिसतो, आणि रेघेची सावली तरी उरतेच. मला नाही म्हणावं लागलं. तेरवी तोंडावर होती; ताटं तशीच वाटली गेली.

हे कोणाच्या आळसानं होत नाही. यंत्रासाठी चित्र तयार करणाऱ्या कित्येक प्रोग्रामना देवनागरीची जोडणी कळत नाही. ते अक्षरं टाइप केलेल्या क्रमानं नुसती ओळीत मांडतात. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर सरळ चिकटवला तर त्याहून वाईट गत होते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये, जोडाक्षरं नीट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये लिहायचा, तिथंच त्याचं रेघांमध्ये रूपांतर करायचं आणि मगच यंत्राकडं न्यायचा. त्यानंतर हिऱ्याच्या जागी साधं बॉलपेन लावून तोच मजकूर आधी कागदावर काढायचा. तो कागद घरच्या माणसाला मोठ्यानं वाचायला लावायचा. ज्यानं मजकूर पाठवला त्यालाच नव्हे, दुसऱ्या कोणाला तरी. तारीख, आडनाव, गाव, सगळं वाचून त्यावर सही घ्यायची. दुःखाच्या घरी सही मागायला जीव धजत नाही, पण मागायचीच.

धातूवरचं चुकलेलं अक्षर मिटवणं पूर्वी जमायचं. आपल्याच जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यातल्या जांबला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातला. वाकाटकांच्या अशा लेखांचा अभ्यास नागपूरच्या वा. वि. मिराशींनी आयुष्यभर केला. त्या लेखांच्या लिपीत प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी असते. तांब्यावर हातानं तेवढी पेटी कोरायची म्हणजे काय, हे रेघ ओढून पाहिलेल्यालाच कळेल. जुने कारागीर चुकलेलं अक्षर ठोकून सपाट करायचे आणि त्यावर पुन्हा कोरायचे. जाड तांब्याला ते सोसतं. आजच्या ताटाला सोसत नाही.

आता हत्यार. हिऱ्याचं टोक फिरत नाही, ते धातूवरून ओढलं जातं आणि बारीक चर पाडतं. घरी बनवायचं ते टोकाला धरणारं अंग, टोक नाही. टोक बसवलेलंच विकत घ्या. हिऱ्याचा कण साध्या चिकटद्रव्यानं डकवला तर स्टीलवर निखळतो. आणि झाळकाम करायला बसलात तर उघड्या हवेत सातशे-आठशे अंशांच्या घरात हिरा पृष्ठभागावरून जळून धुरकट होतो. धरणाऱ्या अंगात एक पितळी नळी, तिच्यात वरखाली सरकणारी दांडी आणि वर स्प्रिंग. पितळ आणि अॅल्युमिनियमला बॉलपेनची स्प्रिंग पुरते. स्टीलला जरा कडक लागते. सगळा जीव नळी आणि दांडी यांच्यातल्या फटीत आहे. दांडी वरखाली सहज जायला हवी, आडवी मात्र तसूभर हलता कामा नये. तपासायचं असेल तर पत्र्याच्या तुकड्यावर शेंगदाण्याएवढं वर्तुळ काढा. सुरुवात आणि शेवट जुळले नाहीत, तर दांडी नळीत डुलते आहे. असं हत्यार 'क' आणि 'व'च्या पोटात दुहेरी रेघ सोडतं.

नवख्याला एक गोष्ट पटायला वेळ लागतो: यंत्राला टोक एक मिलिमीटर खाली जा म्हणून सांगितलं, तरी धातूत ते एक मिलिमीटर जात नाही. तेवढी स्प्रिंग दबते, इतकंच. चर किती खोल पडणार हे स्प्रिंगचा जोर आणि धातूचा कठीणपणा ठरवतात. म्हणून आकडा वाढवत बसू नका. खोल हवं तर त्याच रेघेवरून पुन्हा फिरवा, आणि रेघेवर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब असू द्या.

हिरा सगळ्यांत कठीण, पण चिवट नाही. तो ठरावीक दिशांनी दुभंगतो. आडवा फटका बसला की टवका उडतो. टोक हळू टेकवा, रेघ संपली की आधी उचला, मग सरकवा. यंत्राची फिरणारी मोटर तर तारेसकट काढूनच ठेवा. फाइलमध्ये मोटर सुरू करायची आज्ञा चुकून राहिली आणि ती फिरली, तर टोकही गेलं आणि ताटही. एकसंध रेघ अचानक तुटक किंवा दुहेरी दिसू लागली की थांबा आणि सोनाराच्या भिंगातून टोक बघा.

दुसरी अडचण लिपीची. नेहमीचा फॉन्ट अक्षराची बाहेरची कड देतो, त्यामुळं हिरा प्रत्येक काना दोनदा काढतो आणि मध्ये पोकळ जागा उरते. एकाच रेघेचे हर्षी फॉन्ट १९६७ पासून आहेत, पण त्यांत देवनागरी नाही. मी अक्षरं स्वतःच एकेका रेघेनं काढून ठेवली आहेत. ल पाकळीचा आणि श देठाचा, २००९च्या शासन निर्णयात आहे तसा. शिरोरेघ सर्वांत शेवटी, एकसलग. अक्षराचा काना तिला जिथं भिडतो तिथं तो केसभर अलीकडं थांबवतो; नाहीतर त्या ठिपक्यावर चर दोनदा पडून धातूची कणी उभी राहते आणि घासताना बाईच्या बोटाला लागते. ताट देण्याआधी नावावरून बोट फिरवून बघायचंच.

लाइन जाणं आपल्याकडं नवं नाही. अर्ध्या नावात लाइन गेली तर यंत्र आपली जागा विसरतं, आणि अंदाजानं पुन्हा सुरू केलं तर उरलेलं नाव केसभर सरकून पडतं. यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊ नका. शिवाय ताट ज्या कोपऱ्यात टेकवता तो पक्का ठोकून ठेवा, म्हणजे यंत्राचा सुरुवातीचा बिंदू, शून्य, पुन्हा तिथंच सापडेल.

भांड्यांचंही थोडं. कल्हईच्या भांड्याच्या आत कधीच नाही. रेघेनं कल्हई फाटली की पितळ उघडं पडतं आणि ताक, आमटी कळकते. मुलामा दिलेल्या ढालीवर आधी मागच्या बाजूला रेघ ओढून आत कोणता धातू आहे ते बघा. घरच्या जेवणाच्या भांड्याच्या चरात काळा रंग भरू नका. पाटीत भरा, शोभतो.

काही बाया पाण्याचा जुना गुंड घेऊन येतात. त्यावर आंदणात आलेलं आजीचं नाव असतं, हातानं ठिपक्या-ठिपक्यांनी पाडलेलं, आणि म्हणतात, हे घासून माझं टाका. जुनं नाव मी घासत नाही. नवं शेजारी टाकायचं असलं तरी त्यांना भांड्यांच्या दुकानातल्या हाताच्या मशीनवाल्याकडं पाठवतो. गुंडाच्या पोटाला गोलाई इतकी असते की स्प्रिंगची चाल पुरत नाही, टोक तिरपं पडतं आणि अक्षर एका अंगाला पसरतं. तिथं सरावलेला हातच हवा.