ग्राफिक्स कार्डाची खरी किंमत



सुट्टीत घरी गेल्यावर जुन्या संगणकावर लिनक्स टाकायचे आणि त्यात एखादे स्वस्त ग्राफिक्स कार्ड बसवायचे, असा बेत आपल्यापैकी अनेकांचा असतो. साठवलेल्या पैशांतून अशी खरेदी वारंवार होत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी एक प्रश्न विचारायला शिकू या : या कार्डाचा ड्रायव्हर कोण सांभाळतो आणि किती वर्षे सांभाळणार?

ड्रायव्हर म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्याची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि प्रत्येक वेळी आतली रचना थोडीफार बदलते. जो ड्रायव्हर कर्नलमध्येच सामील आहे, त्याच्यात त्या बदलाबरोबरच दुरुस्ती होते. एएमडीचा ‘एएमडीजीपीयू’ २०१५ पासून कर्नलमध्ये आहे. इंटेलचे ड्रायव्हरही तिथेच आहेत. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर मात्र बाहेरून बसवावा लागतो.

परेडचे उदाहरण घ्या. स्क्वाडमधला कॅडेट आज्ञा मिळताच सर्वांबरोबर वळतो. बाहेर उभा असलेला पाहुणा इतरांना पाहून वळतो, त्यामुळे कधीकधी पाऊल चुकते. कर्नल बदलल्यावर पडदा काळा दिसतो, तेव्हा बहुधा हेच झालेले असते. कंपनी ड्रायव्हर सुधारत आहे तोवर पाहुणा पाऊल सावरतो. तिने हात काढून घेतला, की तो मागेच राहतो.

आता एक खरे उदाहरण. एनव्हिडियाचे जीटी ७३० हे कार्ड २०१४ मध्ये आले. नाव एकच, पण त्याच्या काही प्रकारांत फर्मी रचनेची चिप आहे, तर काहींत केपलर रचनेची. फर्मीला लागणाऱ्या ३९० मालिकेच्या ड्रायव्हरचा पाठिंबा २०२२ अखेर संपला, केपलरच्या ४७० मालिकेचा २०२४ मध्ये. कार्ड बिघडलेले नसते. त्याचा दुभाषा निवृत्त झालेला असतो. ‘नूव्हो’ नावाचा मुक्त ड्रायव्हर चित्र दाखवतो, पण अनेक कार्डांचा पूर्ण वेग त्यातून मिळत नाही. मग जुना कर्नल धरून ठेवण्याची खटपट सुरू होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

याचा अर्थ एनव्हिडिया घेऊच नये, असा नाही. मे २०२२ मध्ये कंपनीने ट्युरिंग आणि त्यापुढच्या कार्डांसाठी ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. ब्लेंडरसारख्या कामात तिची कार्डे उपयोगी पडतात. मात्र कार्ड कोणत्या पिढीचे आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

आता हिशेब करू. समजा, एक कार्ड ४,००० रुपयांचे असून त्याला दोनच वर्षे ड्रायव्हर मिळणार आहे. दुसरे ९,००० रुपयांचे असून सहा वर्षे चालणार आहे. पहिल्याचा वार्षिक खर्च २,००० रुपये, दुसऱ्याचा १,५००. खोक्यावर स्वस्त दिसणारे कार्डच महाग पडले.

खरेदीपूर्वी तीन गोष्टी करा :

१. नावावर न जाता चिपची पिढी विचारा.
२. त्या पिढीसाठी ड्रायव्हरची कोणती मालिका लागते आणि ती चालू आहे का, ते पाहा.
३. जुने कार्ड घेताना पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ते चालते का, हे विक्रेत्यासमोरच तपासा.

गृहपाठ : शाळेच्या प्रयोगशाळेतील लिनक्स संगणकावर, शिक्षकांच्या परवानगीने, टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्या आणि तिच्यापुढे ‘-के’ हा पर्याय जोडा. ग्राफिक्स कार्डाच्या नावाखाली वापरात असलेला ड्रायव्हर दिसेल. तो कर्नलमधला आहे की बाहेरचा, हे वहीत लिहा. पुढच्या खरेदीची तयारी तिथूनच सुरू होते.