वटवाघळांचे घड्याळ

सूर्यास्तानंतर कीटकभक्षी वटवाघळे गुहेबाहेर पडतात. परंतु गुहेच्या ज्या आतल्या दालनात प्रकाशाचा किरणही शिरत नाही व तपमान जवळजवळ स्थिर असते, तेथे लटकलेल्या प्राण्यास संध्याकाळ झाल्याचे कळते कसे? मदुराईजवळच्या गुहांत जी. मारिमुत्तू, एस. राजन व एम. के. चंद्रशेखरन यांनी हिपोसिडेरॉस स्पिओरिस या जातीवर प्रयोग करून याचा शोध घेतला. त्यांचे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाले.

काही वटवाघळांना त्यांनी काळोख्या दालनातच पिंजऱ्यात ठेवले व त्यांच्या उड्डाणाची नोंद घेतली. या बंदिवानांना उजेड दिसत नव्हता. तरीही मुक्त सोबती बाहेर पडण्याच्या सुमारास त्यांचीही फडफड सुरू होई, आणि हा क्रम चोवीस तासांचाच राही. तेव्हा शरीरातील घड्याळच इतके अचूक असावे, असे कोणासही वाटेल. पण सोबती नसलेल्या गुहेत निराळेच दिसले. तेथेही विश्रांती व उड्डाण यांचे चक्र थांबले नाही, म्हणजे घड्याळ शरीरात होते खरे. मात्र त्याचा फेरा नेमका चोवीस तासांचा नव्हता, आणि बंदिवानांची संध्याकाळ बाहेरच्या संध्याकाळेपासून दररोज थोडीथोडी सरकत गेली.

सजीवांची ही घड्याळे बहुधा उजेड व अंधार लावून देतात. येथे ते काम सोबत्यांनी केले. मुक्त वटवाघळे बाहेरची संध्याकाळ अनुभवीत, व त्यांच्या जाण्यायेण्यावरून ती पिंजऱ्यातील वटवाघळांना कळे.