एकच चावी, दोन घरे : सुसंगत हॅशिंगचा धडा

डेटाबेस हे माहितीचे मूळ कोठार. ते दर वेळी उघडायला वेळ लागतो. म्हणून वारंवार लागणारी माहिती सर्व्हरच्या स्मृतीत हाताशी ठेवतात. या तात्पुरत्या साठ्याला ‘कॅशे’ म्हणतात. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ साली तयार केलेली ‘मेमकॅश्ड’ ही अशी एक प्रणाली. तिच्यातील सर्व्हर एकमेकांना ओळखत नाहीत. कोणती माहिती कोणत्या सर्व्हरवर ठेवायची, हे माहिती मागणारा प्रोग्रॅम, म्हणजेच ‘क्लायंट’, ठरवतो.

ठरवण्याची सोपी रीत अशी : माहितीच्या नावाला ‘चावी’ म्हणू. चावीवरून गणिताने एक अंक काढायचा; हा तिचा ‘हॅश’. त्याला सर्व्हरांच्या संख्येने भागायचे. बाकी उरेल त्या क्रमांकाचा सर्व्हर तिचे घर. समजा, ‘पेडणे’ या चावीचा अंक १७ आला. सर्व्हर ३ असतील तर बाकी २. चौथा जोडला की बाकी १. घर बदलले! अशा रीतीने १२,००० चाव्यांपैकी सुमारे ९,००० चाव्यांची घरे बदलतात आणि सगळा भार एकदम मूळ कोठारावर येतो.

यावरचा उपाय डेव्हिड कार्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडला. देवळाभोवतीचा प्रदक्षिणामार्ग डोळ्यांपुढे आणा. सर्व्हर त्या मार्गावर आपापल्या हॅशनुसार उभे आहेत. चावीही आपल्या जागेवरून उजवीकडे चालू लागते आणि वाटेत प्रथम भेटेल तो सर्व्हर तिचे घर ठरतो. नवा सर्व्हर आला तर त्याच्या लगतच्या मागच्या टप्प्यातील चाव्याच हलतात. वरील उदाहरणात साधारण ३,०००. वाटणी समान व्हावी म्हणून एकच सर्व्हर अनेक ठिकाणी उभा करतात. ‘केतामा’ या प्रसिद्ध पद्धतीत प्रत्येक सर्व्हरला १६० जागा असतात.

मात्र हा मार्ग प्रत्येक क्लायंट स्वतः आखतो. एकाने सर्व्हरच्या नुसत्या नावाचा हॅश काढला आणि दुसऱ्याने नावासोबत पोर्ट क्रमांकही घेतला, तर दोघांचे मार्ग वेगळे होतात. समजा, पेडण्यातील कार्यालयाचा प्रोग्रॅम पीएचपीत आहे, डिचोलीचा जावात. पेडण्यात एका दाखल्याची नोंद दुरुस्त झाली आणि कॅशेतील जुनी प्रत पुसली गेली. पण ती पेडण्याच्या हिशेबातील सर्व्हरवरून. डिचोलीच्या हिशेबातील सर्व्हरवर जुनी प्रत तशीच राहिली. तिची मुदत संपेपर्यंत डिचोलीच्या खिडकीपाशी उभ्या माणसाला चुकीचेच उत्तर मिळणार, आणि कुठेही बिघाडाची सूचना दिसणार नाही.

मराठी चावीत आणखी एक खाच आहे. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकच संकेतांक वापरून, किंवा ‘र’ला नुक्ता जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखे. हॅशला मात्र ते दोन वेगळे शब्द. म्हणून हॅश काढण्यापूर्वी सर्व चाव्या युनिकोडच्या एनएफसी नियमाने एकरूप करून घ्याव्यात.

तेव्हा केवळ ‘दोन्हीकडे सुसंगत हॅशिंग आहे’ एवढ्यावर विसंबू नये. हॅशची रीत, सर्व्हरची नावे, जागांची संख्या आणि चावीचे लेखन या चारही बाबी जुळल्या पाहिजेत. मग शंभर चाव्या दोन्ही क्लायंटना देऊन त्यांची उत्तरे ताडून पाहावीत.

अभ्यास : १ ते १२ या अंकांना आधी ३ ने, मग ४ ने भागा. किती अंकांची बाकी तीच राहते? (उत्तर : तीन अंकांची; १, २ आणि १२.)