पान उलटं आलं तर

अगं वेडाबाई, टॅरोचा कॅट आणलास, त्याला खणाची पिशवी शिवलीस, आणि आता एखादं पान उलटं आलं की तुझा चेहरा उतरतो. सुरुवातीला सगळ्यांनाच ही धास्ती असते. ती जाते, पण आपोआप नाही. हाताला आणि जिभेला काही सवयी लावाव्या लागतात. त्याच इथे लिहून देते.

१. पहिले दोन-तीन महिने सगळी पानं सुलटीच ठेव, एकही उलटं वाचू नकोस – सुलटं न कळे, त्याला उलटं छळे.

२. ७८ अर्थ घोकत बसू नकोस. २२ मोठी पानं एकेक करून ओळखीची कर, आणि उरलेल्या ५६साठी घरचे पत्ते आठव: कप म्हणजे बदाम, तलवारी म्हणजे इस्पिक, काठ्या म्हणजे किलवर, नाणी म्हणजे चौकट. कपात माया आणि नाती, तलवारीत विचार आणि वाद, काठीत उमेद, नाण्यात पैसा, प्रकृती, घरदार – एवढं हाती असलं की अनोळखी पानावरही दोन वाक्यं बोलता येतात.

३. पुस्तक उघडण्याआधी चित्राकडे मिनिटभर नीट बघ. तुझ्याकडची चित्रं मुळात १९०९ साली लंडनला निघाली. आखणी आर्थर एडवर्ड वेट यांची, पण काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी, आणि त्यांनी लहान पानांवरही अख्खा प्रसंग रंगवला – अर्थ विसरला तरी प्रसंग सांगता येतो. एवढ्या कामाचे त्यांना पैसे फार थोडे मिळाले. कॅट हातात घेशील तेव्हा त्यांचं नाव घेत जा.

४. उलटे अर्थ आभाळातून पडलेले नाहीत. टॅरो १५व्या शतकात उत्तर इटलीत निघाले ते खेळायचे पत्ते म्हणून. भविष्य सांगण्याची रीत फोफावली १८व्या शतकातल्या फ्रान्समध्ये. तिथल्या अलिएत नावाच्या गृहस्थांनी आडनाव उलटं करून ‘एतेला’ हे टोपणनाव घेतलं आणि १७७० साली साध्या पत्त्यांचे सुलटे आणि उलटे असे दोन्ही अर्थ छापले – माणसाने घातलेली रीत आहे, तेव्हा तिला भ्यायचं नाही, समजून घ्यायचं.

५. सावंतवाडीच्या गंजिफ्याचं पान गोल, त्याला दिशाच नाही. आपल्या रमीच्या राजाला दोन्हीकडे डोकं. टॅरोच्या पानाला मात्र डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे – म्हणून ते कसं पडलं याला इथे किंमत आली.

६. उलटी पानं वाचायची की नाही, हे पिसायच्या आधी ठरव – पान बघून ठरवलंस तर उत्तर पानाचं नसतं, तुझ्या मनाचं असतं. न वाचण्यात कमीपणा अजिबात नाही: अलीस्टर क्रौली आणि फ्रीडा हॅरिस यांच्या थॉथ टॅरोत उलटेपणा धरत नाहीत, शेजारची पानं बघतात.

७. पान उघडताना डावीकडून उजवीकडे उघड, खालची कड धरून वर पलटू नकोस – तसं केलंस की सुलटं पान तुझ्याच हाताने उलटं होतं, आणि ते कुणाच्याच लक्षात येत नाही.

८. पिसताना मधूनमधून अर्धा गठ्ठा फिरवून घे, नाहीतर सगळी पानं चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालव – हातातल्या हातात कितीही पिसलं तरी पानांची दिशा बदलत नाही.

९. पाठीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असेल असाच कॅट घे – नाहीतर उचलण्याआधीच उलटं कोणतं ते कळतं, आणि हात नकळत ते टाळतो.

१०. समोर बसलेल्याला तुझं सुलटं उलटं दिसतं. दिशा तुझ्या बाजूने धरायची, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं – नाहीतर तू हसून बोलत असतेस आणि तो बिचारा पान बघून घाबरलेला असतो.

११. डाव आवरताना सगळी पानं पुन्हा सुलटी लाव – कालच्या काकूंची उलटी पानं आजच्या पोरीच्या वाट्याला कशाला?

१२. आता मुख्य गोष्ट. उलटं म्हणजे विरुद्ध, हे डोक्यातून काढून टाक. नळ उघडा आहे पण धार बारीक, तसं ते असतं: गोष्ट तीच, पण जोर कमी, किंवा वाट अडलेली, किंवा बाहेर न येता मनातल्या मनात चाललेली – विरुद्ध अर्थ धरलास तर निम्मा कॅट चांगला आणि निम्मा वाईट होऊन बसतो, आणि कुणाचंच आयुष्य असं वाटून दिलेलं नसतं.

१३. उलटं पान आलं की स्वतःला विचार: हे अडलंय का? आतल्या आत चाललंय का? की ओसरायला लागलंय? विचारणाऱ्याच्या प्रश्नाला लागू पडेल ते एकच घे – तिन्ही घेतलीस तर कशालाही काहीही चिकटवता येतं.

१४. पाच कपांचं पान काढून समोर ठेव. काळा झगा पांघरलेला माणूस, पुढ्यात तीन कप सांडलेले, पाठीमागे दोन शाबूत, पलीकडे पूल. सुलटं असताना त्याची नजर सांडलेल्यावर खिळलेली. उलटं आलं की मान वळायला लागली, मागचे दोन त्याला आठवले, असं वाच – दुःखाचं पान उलटं येतं तेव्हा बहुतेक वेळा त्यात दिलासा असतो, आणि घाबरून पुढे गेलीस तर तो द्यायचाच राहतो.

१५. नऊ तलवारींच्या पानावर तर थांबच. बाई अंथरुणात उठून बसलीय, तोंड ओंजळीत, मागे काळोख्या भिंतीवर नऊ आडव्या तलवारी, पांघरुणावर गुलाब आणि राशींची चिन्हं. नीट बघ, एकही तलवार तिला लागलेली नाही. उलटं आलं तर काळजी उतरणीला लागली असेल, किंवा तिने ती अजून कुणाला सांगितलेलीच नसेल. दोन्हींत फरक मोठा. तेव्हा अर्थ सांगायच्या आधी हळूच विचार, “रात्री झोप लागते का गं?” – पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं, आणि पुष्कळदा पान बाजूला ठेवून नुसतं ऐकायचं असतं.

१६. टांगलेला माणूस सुलट्या पानावरच उलटा असतो: एका पायाने लटकलेला, पण चेहरा शांत, डोक्याभोवती प्रभा. पान उलटं आलं की तो उभा दिसतो. मग एक तर थांबायचं कारण संपलं तरी हा थांबून आहे, नाहीतर थांबायची गरज असून हा थांबत नाही – कोणतं ते शेजारच्या पानाला विचार, एकट्या पानावरून ठरवू नकोस.

१७. सूर्य उलटा आला म्हणून हळहळू नकोस. १९१०च्या पुस्तकात खुद्द वेट यांनी उलट्या सूर्यालाही तेच सुख दिलंय, फक्त जरा कमी. चार काठ्यांचा अर्थ तर उलटं आलं तरी बदलत नाही असं लिहिलंय – ज्यांनी याद्या केल्या त्यांनीही सगळ्या पानांना एकच नियम लावला नाही, मग तू का लावतेस?

१८. दहा काठ्या उलट्या दिसल्या की ओझं खाली ठेवायची वेळ झाली, एवढं बोल – कुणाचं ओझं, ते समोरच्याला बरोबर माहीत असतं.

१९. पाचांतली चार पानं उलटी पडली तर आधी आपलं पिसणं आठव. ते ठीक असेल, तर प्रश्नच नीट मांडायला सांग – गोंधळलेल्या प्रश्नाला उत्तरही गोंधळलेलंच येतं.

२०. राजा, राणी, घोडेस्वार उलटे आले की त्यांच्यावर कुणाचं नाव चिकटवू नकोस. तलवारीची राणी बघून लगेच मोठ्या जाऊबाई आठवायच्या नाहीत हं – ते पान पुष्कळदा विचारणारीच्याच एखाद्या सवयीबद्दल असतं, आणि घरात विनाकारण अबोला सुरू होतो.

२१. मृत्यूचं पान उलटं असो की सुलटं, आधी त्यातल्या दोन बुरुजांमधल्या सूर्यावर बोट ठेव आणि मग बोल. सुलटं असलं तर एक पर्व संपतंय, उलटं असलं तर ते सोडवत नाहीये, इतकंच – पान बोलतं हळू, भीती ओरडते.

२२. आजार, आयुष्याची दोरी, पोटातलं बाळ, कोर्टाचा निकाल, यांवर पानं काढायचीच नाहीत. डॉक्टर आणि वकील असतात ते त्याचसाठी – तुझ्या एका शब्दावर कुणी औषध बंद केलं तर तो शब्द परत घेता येत नाही.

२३. “होणारच” हा शब्द जिभेवर येऊ देऊ नकोस. “इथे काहीतरी अडतंय असं दिसतं, तुम्हाला काय वाटतं?” असं विचार – माणूस मग स्वतःच उलगडत जातो.

२४. मनाजोगतं आलं नाही म्हणून त्याच संध्याकाळी तोच प्रश्न पुन्हा मांडू नकोस – एका प्रश्नाला दहा डाव, उत्तराला कुठे ठाव.

२५. उलट्या पानाचा दोष काढून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर उठून ये, आणि तूही ते कधी कुणाकडे मागू नकोस – घाबरलेला माणूस किंमत विचारत नाही, म्हणूनच तिथे हात आखडायचा.

२६. वही ठेव. तारीख, प्रश्न, पान, सुलटं की उलटं, आणि तू काय सांगितलंस ते. महिन्याने त्याच पानाखाली प्रत्यक्षात काय झालं ते – उलट्या दहा तलवारी तुझ्या हातात काय सांगतात, ते याच वहीत सापडेल, दुसऱ्याच्या यादीत नाही.

२७. मेरी ग्रीअर यांचं फक्त उलट्या पानांवरचं जाडजूड पुस्तक आहे, २००२ सालचं. ते घे, पण वहीची पन्नासेक पानं भरल्यावर – आधी वाचलंस तर त्यांचंच खरं वाटेल आणि स्वतःचं दिसणारच नाही.

रविवारी जेवायला येशील तेव्हा वही घेऊन ये. नऊ तलवारींवर काय लिहिलंयस ते मला आधी बघायचंय, आणि काही सुचवायचं असलं तर पेन्सिलने लिहीन, म्हणजे तुला पटलं नाही तर खोडता येईल.