दुखणं विचारायची भाषा : दोन वर्षांच्या अभ्यासाची कृती

वैद्यकीय मानवशास्त्र शिकायला परदेशी जाणारी आपल्याकडची मुलं बहुधा एका वर्षाचा एम.ए. निवडतात. पैसा वाचतो, वेळ वाचतो, हे खरंच आहे. पण ज्याला पुढे परक्या मुलखात माणसांशी त्यांच्या आजाराबद्दल बोलायचं आहे, त्याने भाषेची जोड असलेला दोन वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. दुभाष्याकडून आजाराचं नाव कळतं. त्या नावामागची भीती, संकोच, खर्चावरून घरात झालेली बोलाचाली हे सगळं वाटेतच गळून जातं.

लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज, म्हणजे सोआस या १९१६ साली स्थापन झालेल्या संस्थेने वैद्यकीय मानवशास्त्र आणि सघन भाषाशिक्षण अशी जोडी असलेला दोन वर्षांचा एम.ए. चालवला आहे. कुठल्या भाषा कुठल्या वर्षी मिळतात ते बदलतं, म्हणून अर्जाआधी त्या वर्षीची माहिती संस्थेकडूनच घ्यावी. खालची कृती या धर्तीच्या अभ्यासक्रमासाठी आहे. उदाहरणादाखल भाषा स्वाहिली आणि प्रदेश टांझानिया धरला आहे. नेपाळी, अरबी किंवा जपानी घेणाऱ्यालाही क्रम हाच ठेवता येईल.

जाण्याआधीचं वर्ष

आधी प्रश्न ठरवा, मग भाषा. नेपाळी देवनागरीत आहे म्हणून सोपी, जपानीला नोकऱ्या आहेत म्हणून बरी, असा विचार करून भाषा घेतली की दुसऱ्या वर्षी विषय शोधत बसावं लागतं. तुम्ही बी.ए.एम.एस. आहात, नर्सिंग केलंय, समाजकार्य केलंय किंवा नुसतं समाजशास्त्र, काहीही असो. एका कागदावर एकच वाक्य लिहा : कुठल्या माणसांच्या कुठल्या दुखण्याबद्दल मला समजून घ्यायचं आहे? आपण इथे असं वाक्य धरू : लहान मुलाला तापात आकडी आली की टांझानियाच्या किनाऱ्यावरचे आईबाप आधी कोणाकडे जातात आणि का? एवढं वाक्य हाताशी असलं की भाषा आपोआप ठरते.

मग पैशाची बाजू. चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासाला मिळते, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ती चालत नाही. हे उशिरा कळलं तर वर्ष फुकट जातं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती या दोन्हींचे नियम वाचावेत. विषय, कालावधी आणि विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान या तीन अटी बारकाईने पाहा. मुंबईची जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देत आली आहे. खर्चाचा हिशोब मांडताना मधल्या उन्हाळ्यातला परदेश मुक्काम वेगळा धरा, तो नेहमी विसरला जातो.

त्यानंतर घरच्या घरी एक सराव करा. १९७८ साली आर्थर क्लाइनमन, लिऑन आयझेनबर्ग आणि बायरन गुड यांनी एका लेखात रुग्णाला विचारायचे आठ प्रश्न मांडले. तुमच्या मते या त्रासाला काय म्हणतात, तो कशामुळे झाला, तेव्हाच का सुरू झाला, तो शरीरात काय करतो, किती गंभीर आहे, कोणता उपचार हवा असं वाटतं, त्यातून काय साधावं, आणि सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, असा त्यांचा साधारण रोख आहे. हे प्रश्न आपल्याच घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला मराठीत विचारा. आत्याला, मामीला, शेजारच्या आजींना. पुस्तकी मराठीत विचारलंत तर उत्तरं पुस्तकीच येतील : “डॉक्टरांनी शुगर सांगितली आहे.” तोच प्रश्न घरगुती करून, चहा घेता घेता विचारलात की उष्णता, बाधलेलं अन्न, लागलेली दृष्ट, सुनेचं वागणं, बंद पडलेला उपास अशा कितीतरी गोष्टी बाहेर येतात. आपल्याच भाषेत नीट प्रश्न विचारायला किती मेहनत पडते हे एकदा अनुभवलं की परक्या भाषेत किती लागेल याचा अंदाज येतो. या प्रश्नांना मुंबईशी जवळचा दुवाही आहे. मिचेल वाइस यांनी १९९२ साली मुंबईतल्या कुष्ठरोगाच्या रुग्णांबरोबरच्या कामातून याच दिशेची सविस्तर मुलाखत-पद्धत प्रसिद्ध केली.

स्वाहिलीचा पाया निघण्याआधीच घाला. कलिन्याला मुंबई विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचं केंद्र आहे, तिथे जाऊन शिक्षक, पुस्तकं, ओळखी यांची चौकशी करा. रोज बीबीसी किंवा डॉइचे वेलेच्या स्वाहिली बातम्या ऐका. अर्थ कळला नाही तरी चालेल. जवळपास प्रत्येक शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर येतो, तो कानात बसला पाहिजे. टिपणं मात्र पहिल्या दिवसापासून रोमन लिपीत घ्या. देवनागरीत लिहायचा मोह होतो, पण शब्दकोश, दवाखान्याची कागदपत्रं, वर्तमानपत्रं सगळं रोमनमध्ये आहे.

पहिलं वर्ष : दोन वह्या एकत्र करा

अशा अभ्यासक्रमात भाषेचा वर्ग एका बाजूला चालतो आणि मानवशास्त्राचा दुसऱ्या. वेळापत्रक त्यांना वेगळं ठेवतं, त्यांची सांगड तुम्हीच घालायची. पाठ्यपुस्तक बाजारात भाव विचारायला आणि हॉटेलात खोली मागायला शिकवतं. ते शिकाच, पण व्याकरणाचा प्रत्येक नवा नियम तुमच्या विषयातल्या वाक्यावर चालवून पाहा. स्वाहिलीत नामांचे वर्ग असतात आणि विशेषण-क्रियापद त्या वर्गाप्रमाणे बदलतं. आजारी मूल म्हणजे ‘म्तोतो म्गोंज्वा’, आजारी मुलं म्हणजे ‘वातोतो वागोंज्वा’. तीन लिंगांप्रमाणे विशेषण फिरवायची सवय असलेल्या मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटत नाही. वर्ग जास्त आहेत, एवढंच.

पहिल्या सत्रातच आठ प्रश्न स्वाहिलीत बसवा. स्वतः भाषांतर करा आणि शिक्षकांना दाखवा. मग स्वाहिली बोलणाऱ्या, पण मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घ्या. जिथे अर्थ सरकला असेल तिथे वाक्य बदला. ‘तातिझो हिली म्नालिइताजे?’ म्हणजे या त्रासाला तुम्ही लोक काय म्हणता? ‘उनाओगोपा नीनी झाइदी?’ म्हणजे सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? अशी वाक्यं तोंडात रुळेपर्यंत मोठ्याने म्हणा. आणि लगेच दुसरी, जास्त अवघड तयारी : उत्तर समजण्याची. प्रश्न पाठ करता येतो, उत्तर पाठ करता येत नाही. म्हणून मुलांचा ताप, लसीकरण, प्रसूती या विषयांवरचे रेडिओवरचे आरोग्य कार्यक्रम ऐकून त्यांतले पाच-दहा मिनिटांचे तुकडे शब्दशः उतरवून काढा.

वाचन तीन पुस्तकांपासून धरा. इव्हान्स-प्रिचर्ड यांचं आझांदे लोकांवरचं १९३७ चं पुस्तक, पूर्व युगांडातल्या संकटांच्या अर्थावरचं सुझन रेनॉल्ड्स व्हाइट यांचं १९९७ चं पुस्तक, आणि टांझानियातल्या उपचारांवरचं स्टेसी लँगविक यांचं २०११ चं. वाचताना स्थानिक भाषेतला प्रत्येक शब्द वेगळ्या यादीत लिहा. लेखकाने तो कुठे भाषांतरित केला आणि कुठे तसाच ठेवला, ते शेजारी नोंदवा.

या यादीत एक शब्द ठळक येईल : ‘देगेदेगे’. टांझानियाच्या किनारी भागात तापात मुलाला येणाऱ्या आकडीला हे नाव आहे. डॉक्टर त्यात मेंदूपर्यंत पोचलेला मलेरिया शोधतील. पण हे दुखणं वेगळं आहे, त्यामागे पाखराच्या रूपातली शक्ती आहे, त्यावर ‘म्गांगा’ म्हणजे पारंपरिक वैद्यच उपाय करतो, आणि अशा वेळी सुई टोचली तर मूल दगावतं, अशी समजूत बागामोयो भागातल्या अभ्यासांत नोंदलेली आहे. आता दुभाष्या काय करतो पाहा. आई ‘देगेदेगे’ म्हणते आणि तो सवयीने तुम्हाला ‘मलेरिया’ सांगतो. तुमच्या वहीत मलेरिया उतरतो आणि प्रश्नच मरतो, कारण मलेरियासाठी दवाखान्यात जायला त्या आईची काहीच हरकत नसते. दुभाष्या घ्यावाच लागला तर पहिली सूचना ही द्या की आजाराचं नाव, उपचार करणाऱ्याचं पद आणि औषधाचा प्रकार या तीन गोष्टींचं भाषांतर करायचं नाही, जसं ऐकलं तसं सांगायचं. घरातल्या मुलाला दुभाष्या करू नका, आईला सासूबद्दल त्याच्यासमोर बोलता येत नाही. दुभाष्याला योग्य मोबदला द्या आणि प्रबंधात त्याच्या कामाचा उल्लेख त्याच्या परवानगीने करा.

मधला उन्हाळा

हे दोन-तीन महिने संशोधनाचे नाहीत, भाषेचे आहेत. प्रमाण स्वाहिली झांझिबारच्या बोलीवर उभी आहे आणि तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीत परदेशी विद्यार्थ्यांना स्वाहिली शिकवण्याची सोय आहे. सकाळी वर्ग आणि उरलेला दिवस एखाद्या कुटुंबात, अशी व्यवस्था मिळाली तर तीच घ्या. आपल्याच देशातल्या विद्यार्थ्यांबरोबर खोली घेतलीत तर उन्हाळा हिंदीत संपेल.

तिथे पहिल्या आठवड्यात फक्त रीतभात शिका. दारात उभं राहून ‘होडी’ म्हणायचं, आतून ‘करीबू’ आलं की मगच पाऊल टाकायचं. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणायचं, त्यावर ते ‘मराहाबा’ म्हणतील. आजारी माणसाच्या घरी गेलात तर पहिला शब्द ‘पोले’, आणि मग बराच वेळ तब्येत, मुलंबाळं, पाऊसपाणी. वही काढायची घाई करणाऱ्याला लोक सभ्यपणे थोडक्यात उत्तर देऊन मोकळे होतात.

वेळ सांगण्याची रीत पक्की करा, यात गल्लत झाली तर औषधाच्या वेळा चुकीच्या नोंदल्या जातील. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा मोजा’, शब्दशः एक वाजता, म्हणजे आपले सकाळचे सात. ‘सा म्बिली’ म्हणजे आठ. सहा तासांचा फरक कायम. गोळी ‘सा म्बिली’ला घेते असं बाईने सांगितलं आणि तुम्ही दुपारचे दोन लिहिलेत, तर पुढचं सगळं विश्लेषण कोलमडतं. तेव्हा वही-टिपणात दोन्ही वेळा लिहा : तिने सांगितलेली आणि घड्याळातली.

‘दावा’ हा शब्द आपल्याला ऐकताक्षणी कळतो, आपला दवा आणि हा एकाच अरबी मुळाचे. म्हणूनच जपून. गोळी, म्गांगाचा पाला, डास मारायचं औषध, दात घासायची पेस्ट, सगळ्याला तो चालतो. कुठलं औषध घेतलं असं विचारल्यावर नुसतं ‘दावा’ आलं तर थांबू नका. कुठून आणलं, कोणी दिलं, पाण्यात घेतलं की अंगाला लावलं, हे तीन उपप्रश्न ठरवून ठेवा. गावठी औषधांना ‘दावा झा किएन्येजी’ म्हणतात. दवाखान्यातल्या माणसासमोर लोक ती पटकन कबूल करत नाहीत, तेव्हा हा विषय तिथे काढू नका.

परवानग्या

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही. विद्यापीठाची नैतिक परवानगी एक. टांझानियात संशोधनासाठी कॉस्टेक या सरकारी आयोगाचा परवाना, आणि आरोग्याशी संबंधित कामाला राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेची, म्हणजे निमरची मान्यता लागते. कागद पहिल्या वर्षाच्या मध्यातच हलवायला लागा. परवाना वेळेत आला नाही तर पर्यटक व्हिसावर मुलाखती घेण्याचा विचारही करू नका, कारण त्रास तुम्हाला होईल त्याहून जास्त तुमच्याशी बोललेल्या माणसांना होईल. पर्यायी विषय तयार ठेवा : लंडनमधली स्वाहिलीभाषक कुटुंबं तिथल्या दवाखान्यात आजार कसा सांगतात, किंवा स्वाहिली रेडिओवरचे आरोग्य कार्यक्रम. मला तर पहिला पर्याय मूळ विषयाइतकाच मोलाचा वाटतो.

दुसरं वर्ष आणि प्रबंध

मुलाखतीआधी संमती स्वाहिलीत, तोंडी समजावून घ्या. छापील अर्ज वाचून दाखवणं पुरेसं नाही. ‘तुमच्या मुलाचं नाव कुठे येणार नाही’, ‘मधेच बोलणं थांबवलंत तरी चालेल’, ‘मी डॉक्टर नाही, औषध देऊ शकत नाही’ ही तीन वाक्यं सफाईने आली पाहिजेत. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्याकडे वैद्यकीय पदवी असली तरी तिथे उपचाराचा परवाना नाही, हेही स्पष्ट सांगा. मुलाखत चालू असताना मूल गंभीर आजारी दिसलं तर मुलाखत तिथेच थांबवून त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात न्यायला मदत करायची, हे आधीच ठरवून ठेवा. केंद्र कुठे आहे आणि वाहन कोणाकडे मिळतं, ते पहिल्याच दिवशी विचारा.

ध्वनिमुद्रण त्याच आठवड्यात उतरवा. नवशिक्याला तासाभराच्या मुलाखतीला आख्खा दिवस लागतो, तेव्हा मुलाखती थोड्या घ्या. जिथे शब्द कळला नाही तिथे अंदाज न लिहिता मोकळी जागा सोडा, वेळेची खूण करा आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक सहकाऱ्याबरोबर ऐका. विश्लेषण मूळ स्वाहिलीवर करा, भाषांतरावर नाही. प्रबंधात जी वाक्यं उद्धृत कराल तेवढीच इंग्रजीत आणा आणि मूळ वाक्य परिशिष्टात द्या, म्हणजे परीक्षकाला पडताळून पाहता येईल.

प्रबंध दिल्यावर निष्कर्षांचं एक पानी स्वाहिली टिपण तयार करा. अवघड शब्द काढा, शिक्षकांकडून भाषा तपासून घ्या. गावांची आणि माणसांची ओळख पटेल असा तपशील उरला आहे का, ते वेगळ्या माणसाकडून वाचून घ्या. एक प्रत कॉस्टेकला अंतिम अहवालासोबत, एक आरोग्य केंद्राला, एक गावच्या कार्यालयाला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून कोण दाखवणार, हे स्थानिक सहकाऱ्याशी बोलून पक्कं करा आणि त्या कामाचे पैसे त्याला आधीच देऊन ठेवा.