खैर तोडला, रोग खुंटात राहिला

प्रश्न : वरकस जमिनीतले मुळकुजीने वाळलेले खैर तोडून त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावली. तिसऱ्या पावसाळ्यात तीही पिवळी पडली. रोपवाटिकेने रोगट रोपं दिली असतील का?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : रोपवाटिकेला इतक्यात बोल लावू नका. जुन्या खुंटांच्या तळाशी तांबूस, वार्निश मारल्यासारखी चकचकीत अळंबी दिसते का पाहा. दिसली, तर बहुधा ती गॅनोडर्मा. झाड गेलं तरी ही बुरशी जमिनीतल्या लाकडावर वर्षानुवर्षं जगते. नवं मूळ त्याला टेकलं की त्यात शिरते. म्हणून खुंट मुळांसकट काढून जाळा, अंगठ्याएवढी मुळंही ठेवू नका. उतारावर मात्र सगळं उकरू नका, माती वाहून जाईल. तिथे रोगट भागाभोवती दोन-तीन फूट खोल चर मारा. कडेची निरोगी दिसणारी एक रांगही चराच्या आत घ्या. नुसतं औषध ओतून उपयोग नाही, ते लाकडाच्या आत पोचत नाही. शेणखतातून ट्रायकोडर्मा द्या, पण खुंट काढल्यावरच. पुढची लागवड जुन्या खड्ड्यांपासून दूर आणि मिश्र करा. घाबरू नका, चरापलीकडचे खैर वाचू शकतात. आणि हो, वाळलेला खैर तोडायलाही वनखात्याची परवानगी आधी घ्या.